ठोका आजोबांचा, धसका आमचा

गेल्या वर्षी आमच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. वय ७६. रक्तदाब नाही, साखर नाही. रोज पहाटे दांडिया बाजारातल्या घरून निघायचं, चालत कमाटीबागेत जायचं, मित्रांसोबत एक फेरी मारायची आणि येताना भाजी घेऊन यायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या तपासण्यांत एक ईसीजी काढला गेला. त्या गुलाबी चौकटींच्या कागदावर मशीननं आपणहून छापलं होतं : अबनॉर्मल ईसीजी, फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक, लेफ्ट अ‍ॅक्सिस डेव्हिएशन.

माझ्या धाकट्या भावानं त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि पुढची दहा मिनिटं फोन थांबेना. पुण्याच्या काकांनी लिहिलं, “ब्लॉक आहे म्हणजे अँजिओग्राफी करूनच घ्या.” कुणी बदामाचं तेल सुचवलं, कुणी लसणाच्या पाकळ्या. आजीनं त्याच दिवशी वरणावरचं तूप बंद केलं. आईनं आजोबांचं फिरणं बंद केलं. आणि आयुष्यात कधी आजारपणाचं कौतुक न केलेले आमचे आजोबा दिवसभर झोपाळ्यावर बसून स्वतःची नाडी चाचपू लागले.

आठ दिवसांनी हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी कागद पाहिला, छातीला नळी लावली आणि मग नुसते प्रश्न विचारत राहिले. चक्कर येते? कधी शुद्ध हरपली? चालताना धाप लागते? औषधं कोणती? सगळ्यांची उत्तरं ‘नाही’. शेवटी त्यांनी विचारलं, “जुना ईसीजी आहे का?”

कपाटात शोधाशोध केल्यावर सात वर्षांपूर्वीचा एक सापडला. अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसून म्हणाले, “काका, तुमचं हृदय आजारी नाही. ते ७६ वर्षांचं आहे, इतकंच.”

या एका वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यायचा, म्हणून हा लेख.

नळ वेगळा, वायरिंग वेगळं

सगळा घोळ ‘ब्लॉक’ या शब्दानं केला होता. आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की डोळ्यांसमोर चरबीनं तुंबलेली रक्तवाहिनी येते. पण घराला जशी पाण्याची पाईपलाइन असते आणि विजेचं वायरिंगही असतं, तसंच हृदयाचं आहे. रक्तवाहिन्या म्हणजे पाईपलाइन. ती तुंबली तर तो ‘ब्लॉकेज’. अँजिओग्राफी, स्टेंट ही तिची कामं. ईसीजीतला ‘एव्ही ब्लॉक’ हा वायरिंगमधला शब्द आहे. तिथे काही तुंबलेलं नसतं, विजेचा संदेश पोहोचायला उशीर होत असतो. नळ तुंबला म्हणून आपण इलेक्ट्रिशियनला बोलावत नाही, आणि दिवा उशिरा लागला म्हणून प्लंबरला बोलावत नाही.

हे वायरिंग मोठं सुंदर आहे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, अगदी टोकाला, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या इंग्लंडमधल्या दोघांनी १९०७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. या पेशी कुणी न सांगता ठरावीक अंतरानं विजेचा संदेश सोडतात. तो संदेश आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, ते आकुंचन पावतात. मग तो मध्यावरच्या एव्ही नोडपाशी येऊन सेकंदाचा साधारण दहावा भाग रेंगाळतो. हा थांबा मुद्दाम ठेवलेला आहे; तेवढ्या वेळात वरच्या कप्प्यांतलं रक्त खाली उतरतं. हा एव्ही नोड सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरांनी जर्मनीत काम करताना शोधून १९०६ साली जगापुढे मांडला. तिथून पुढे दोन मुख्य तारांसारख्या शाखांमधून संदेश खालच्या कप्प्यांत जातो आणि रक्त अंगभर ढकललं जातं. हा झाला एक ठोका. मिनिटाला ७२ धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर, आणि सत्तर वर्षांत सुमारे २६५ कोटी.

ईसीजीचं मशीन हीच वीज त्वचेवरून टिपतं. ती असते जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या दीड हजाराव्या भागाएवढी. नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मोजणारं जे यंत्र बनवलं, त्याचं वजन सुमारे २७० किलो होतं. माणसानं हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. या कामासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. आज तेच काम मनगटावरचं घड्याळ करतं. आणि म्हणूनच हा विषय आता तुमच्या-माझ्या वयाच्या मंडळींपर्यंत येऊन पोहोचला आहे.

निरोगी हृदयही म्हातारं होतं

केस पिकतात, वाचायला चष्मा लागतो, हे आपण आजार म्हणून मोजत नाही. हृदयाच्या वायरिंगचंही तसंच आहे.

पहिला बदल मूळ सायनस नोडमध्येच होतो. साठीनंतर त्यातल्या ठोका देणाऱ्या पेशी झपाट्यानं कमी होतात आणि त्यांची जागा तंतू आणि चरबी घेते. पंच्याहत्तरीपर्यंत विशीतल्या पेशींपैकी साधारण दहा टक्केच उरतात. तरीही बहुतेकांचं हृदय बिनतक्रार चालतं. निसर्गानं शिल्लक भरपूर ठेवलेली असते.

मग नाडी मंदावते का? बसल्या जागी फारशी नाही, आणि इथेच गंमत आहे. आपल्या नाडीवर सतत दोन हात असतात : एक वेग वाढवणाऱ्या मज्जातंतूंचा, दुसरा वेग रोखणाऱ्यांचा. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधं देऊन हे दोन्ही हात तात्पुरते बाजूला केले आणि हृदयाचा स्वतःचा वेग मोजला. त्यातून निघालेल्या सूत्राप्रमाणे हा वेग विशीत मिनिटाला सुमारे १०७, तर सत्तरीत सुमारे ७८ येतो. म्हणजे तरुणपणी इंजिन जोरात धावत असतं आणि ब्रेकही जोरात दाबलेला असतो. वयाबरोबर इंजिन मंदावतं, ब्रेकही सैल होतो. म्हणून आराम करताना नातवाची नाडी ७० आणि आजोबांचीही ७० असू शकते.

फरक दिसतो तो जोर लावल्यावर. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं एक सूत्र आहे : २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर चोवीस वर्षांचा नातू १९० च्या आसपास ठोके गाठू शकतो, तर ७६ व्या वर्षी मर्यादा साधारण १५५ येते. माणसागणिक यात दहा-बारा ठोक्यांचा फरक पडतो. पण रोज व्यायाम करणाऱ्यांचाही कमाल वेग वयानुसार उतरतोच. व्यायामानं टिकतो तो दम. प्रत्येक ठोक्यातून जास्त रक्त ढकललं जातं आणि स्नायू ते नीट वापरतात. म्हणून आजोबा जिना चढताना मधल्या मजल्यावर क्षणभर थांबले तर त्यांना टोकू नका, आणि उचलूनही नेऊ नका.

दुसरा बदल आमच्या ‘ब्लॉक’चा. वरून खाली संदेश जायला लागणारा वेळ १२० ते २०० मिलिसेकंद असला की त्याला नॉर्मल म्हणतात. वयाबरोबर तो थोडा वाढतो. आजोबांचा सात वर्षांपूर्वी १९६ होता, आता २१४. अठरा मिलिसेकंद! डोळ्याची पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पण मशीनला २०० ची रेघ आखून दिलेली. ती ओलांडली की ते ‘ब्लॉक’ छापून मोकळं होतं. प्रत्यक्षात एकही संदेश अडत नसतो, सगळे पोहोचतात, जरा उशिरा. ‘लेफ्ट अ‍ॅक्सिस’ म्हणजे विजेच्या प्रवाहाची सरासरी दिशा थोडी डावीकडे कलणं, तेही वयानुसार होतं. लाटांची उंचीही जराशी कमी होते.

तिसरा बदल मध्येच येणाऱ्या ठोक्यांचा. ‘काळजाचा ठोका चुकला’ असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतो, तो वेळेआधी आलेला असतो. त्यानंतर हृदय क्षणभर थांबतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो. तो थांबा आणि तो धक्का, एवढंच आपल्याला जाणवतं. अमेरिकेत बाल्टिमोर इथे १९५८ पासून निरोगी माणसांच्या वाढत्या वयाचा अभ्यास चालू आहे. त्यात ६० ते ८५ वयाच्या ९८ धडधाकट माणसांना चोवीस तास ईसीजी नोंदवणारं यंत्र लावलं, तेव्हा दहापैकी आठांहून जास्त जणांमध्ये असे अवांतर ठोके सापडले. म्हणजे या वयात ते असणं हेच नेहमीचं.

जाता जाता तुमच्यासाठी एक. तरुणपणी श्वास आत घेताना नाडी थोडी वाढते आणि सोडताना कमी होते. घड्याळात हा चढउतार पाहून काहीजण घाबरतात. तो निरोगी हृदयाचा गुण आहे. वयाबरोबर हा लवचीकपणा कमी होतो आणि नाडी अधिक एकसुरी होते.

माईआजीची गोष्ट

हे सगळं कळल्यावर आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि ग्रुपवर विजयी सुरात लिहिलं, “काही नाही, वय झालं आहे!” डॉक्टरांनी मात्र निघताना बजावलं होतं, “हे वाक्य जपून वापरा.” त्याचा अर्थ चार महिन्यांनी कळला.

आजोबांची धाकटी बहीण, आमची माईआजी, इंदूरला असते. वय ७२. एका चतुर्थीला ती स्वयंपाकघरात पडली. उपास होता, ऊन होतं, सगळ्यांनी तेच कारण धरलं. महिनाभरानं पुन्हा देवपूजेला उभी असताना पडली, कपाळाला टाके पडले. तेव्हाही घरचं मत, “आता वय झालं, सांभाळून राहा.” तिचं स्वतःचंही तेच मत. आजोबांनी फोनवर सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “पडायच्या आधी तोल गेला, की काही कळलंच नाही?” माईआजी म्हणाली, “दादा, काही कळलंच नाही रे. डोळे उघडले ते जमिनीवर.”

डॉक्टरांनी आधी औषधांची यादी मागितली. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते हे आपल्याला माहीत असतं. पण काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायच्या काही थेंबांनीही मंदावू शकते, हे आम्हाला तेव्हा कळलं. थायरॉइड आणि रक्तातले क्षारही तपासले. सगळं ठीक. चोवीस तासांच्या नोंदीतही काही मिळालं नाही. मग आठवडाभर यंत्र लावलं, आणि पाचव्या दिवशी दुपारी, ती जागी असताना, हृदय साडेपाच सेकंद थांबल्याची सरळ रेघ मिळाली. त्या वेळी तिला डोळ्यांपुढे अंधारी आली होती. ती खुर्चीत बसलेली होती म्हणून वाचली.

सायनस नोडच्या पेशी कमी होतात, ते सगळ्यांच्याच होतं. पण इथे शिल्लक संपत आली होती. ठोका देणारा मध्येच गप्प बसत होता. हे वय नव्हे, हा आजार. आणि त्यावर नेमका उपाय आहे. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, २०-३० ग्रॅमचा पेसमेकर बसतो. तो जागेपुरती भूल देऊन बसवता येतो आणि बॅटरी साधारण दहा वर्षं चालते.

पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला तो १९५८ च्या ऑक्टोबरात, स्वीडनमध्ये, आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या रुग्णाला. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण पुढे एकामागून एक २६ पेसमेकर बदलत लार्सन ८६ वर्षं जगले. ज्यांनी ते यंत्र बनवलं ते एल्मक्विस्ट आणि ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉ. सेनिंग, या दोघांच्याही नंतर त्यांनी जगाचा निरोप घेतला. आणि तोही कर्करोगानं, हृदयामुळे नव्हे. माईआजीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “मला एकच पुरे.”

एकाच घरात आम्ही दोन चुका केल्या होत्या. आजोबांच्या वयाला आजार म्हटलं आणि चालत्या माणसाला झोपाळ्यावर बसवलं. माईआजीच्या आजाराला वय म्हटलं आणि तिच्या कपाळाला टाके पडू दिले. पहिल्या चुकीची सगळ्यांनाच भीती वाटते. दुसरी चूक आपण प्रेमानं, समजूतदारपणे करतो, म्हणून ती जास्त महागात पडते.

‘वय झालं’ केव्हा म्हणू नये

काही गोष्टी कोणत्याही वयात वयाच्या नावावर खपवू नयेत. अचानक शुद्ध हरपणं, मग ते दहा सेकंदांसाठी का असेना. चालताना किंवा जिना चढताना चक्कर येणं. नाडी सतत पन्नासच्या खाली आणि सोबत थकवा, अंधारी किंवा धाप. पूर्वी सहज जमणारी कामं काही आठवड्यांतच जमेनाशी होणं. छातीत दुखणं किंवा दडपण वाटत असेल तर घरी नाडी मोजत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा. आणि ईसीजी नॉर्मल आला म्हणून रक्तवाहिन्याही मोकळ्याच असतील, असं समजू नका. नळ वेगळा, वायरिंग वेगळं, ते इथेही लागू आहे.

नाडी पूर्णपणे अनियमित असेल, म्हणजे कोणत्याही दोन ठोक्यांतलं अंतर सारखं नसेल, तर तीही वयाची गोष्ट नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. आत रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघाताचा झटका येतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासात दिसलं की हा त्रास पन्नाशीत दोनशेत एखाद्याला असतो, तर ऐंशीनंतर अकरा-बारांत एकाला. ज्यांना तो असतो त्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट. यात अनेकांना काहीच जाणवत नाही. वेळेवर सापडला तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी हा धोका बराच कमी होतो. शोधायला लागतात फक्त दोन बोटं.

रविवारची पाच मिनिटं

म्हणून आमच्या घरी आता रविवारी चहानंतर नाडी पाहण्याचा कार्यक्रम असतो. आजोबांचा तळहात वर करायचा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर आपली पहिली आणि मधली बोटं ठेवायची, आणि एक पूर्ण मिनिट मोजायचं. आकड्यापेक्षा लय महत्त्वाची. ठेका सरळ आहे, मध्येच एखादा ठोका पुढेमागे होतो आहे, की काही ताळमेळच नाही? एखादा पुढेमागे झाला तर चालतं. ताळमेळच नसेल तर त्याच आठवड्यात ईसीजी. रक्तदाबाच्या मशीनवर पुन्हा पुन्हा अनियमित ठोक्यांचं चिन्ह दिसत असेल किंवा घड्याळानं इशारा दिला, तरीही तेच. घड्याळ शंका घेतं, निदान डॉक्टर करतात.

दुसरी गोष्ट फाईलची. म्हाताऱ्या माणसाच्या ईसीजीची तुलना कोऱ्या नियमाशी करण्यापेक्षा त्याच माणसाच्या जुन्या ईसीजीशी करणं जास्त खरं. पण हा कागद उष्णतेनं छापला जातो. काही वर्षांत पुसट होतो, आणि हौसेनं लॅमिनेट करायला गेलात तर काळा पडतो. म्हणून मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, वर तारीख घाला. सोबत औषधांची यादी, डोळ्यांच्या थेंबांसकट. कोणतंही औषध स्वतःहून बंद मात्र करू नका.

तिसरी गोष्ट अगदी साधी. वयाबरोबर उभं राहताना रक्तदाब सावरायला थोडा जास्त वेळ लागतो. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं.

आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी वर्षातून एकदा ईसीजी काढायला सांगितलं, कारण तो २१४ चा आकडा वाढत गेला तर कळायला हवं. तूप परत आलं, थोडं कमी. पहाटेचं फिरणं परत आलं, पहिली दहा मिनिटं सावकाश. त्यांनी स्वतःच्या अक्षरात फाईलवर ‘वायरिंग’ असं लिहून ठेवलं आहे. मागच्या रविवारी माझी नाडी त्यांनी पाहिली. मिनिटभर डोळे मिटून मोजत होते. मग म्हणाले, “तुझी ८४. रात्री किती वाजता झोपलास?”

येत्या रविवारी तुमच्याही घरी कुणाचा तरी हात हातात घ्या. मिनिटभर. वय आहे की आजार, हा प्रश्न तिथूनच सुटायला लागतो.